याचना नको, वेठही नको

(श्रीवर्धन तालुक्यातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात वादळाविषयी बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. वादळ ही वेधशाळेची बाब. त्यात वकिलाचे काय काम, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर ते साहजिक आहे. परंतु समुद्रावरचे वादळ चार तासांत ओसरते आणि त्यानंतर तहसील कचेरीच्या व्हरांड्यात जे दुसरे वादळ सुरू होते ते चार-चार महिने हटत नाही. त्या दुसऱ्या वादळाचा आणि माझ्या धंद्याचा निकट संबंध आहे. म्हणून मी आलो.

३ जून २०२० हा दिवस या किनाऱ्यावरील कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी दुपारी निसर्ग नावाचे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, म्हसळा, मुरूड, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात कौले उडाली, पत्रे पाचोळ्यासारखे गेले, आणि दोन-दोन पिढ्यांनी वाढविलेल्या नारळी-पोफळी मुळांसकट आडव्या झाल्या. करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईची कामे बंद पडून माणसे गावी परतली होती. म्हणजे हाताला काम नाही आणि डोक्यावर छप्पर नाही, असा दुहेरी प्रसंग. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. दोन दिवसांनी, ५ जूनला, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागेस आले आणि रायगड जिल्ह्यासाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत त्यांनी जाहीर केली. पुढे नेहमीच्या दरांपेक्षा अधिक दर ठरले. पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख रुपये; फळबागेला हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत; ज्यांचा संसार वाहून गेला वा चिरडला गेला त्यांस कपड्यांसाठी ५,००० आणि भांड्यांसाठी ५,०००.

आकडे मोठे होते हे मान्य केले पाहिजे. मग आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांना त्यांतले थोडेच का मिळाले, आणि काहींना काहीच का मिळाले नाही? कोणी म्हणेल, जातीमुळे. काही ठिकाणी तसे घडलेही असेल, आणि त्याविषयी कायदा काय म्हणतो ते मी सांगणारच आहे. परंतु माझ्याकडे जी प्रकरणे आली, त्यांतील बहुतेकांत अडचण याहून साधी होती. नुकसान खरे होते, माणूस खरा होता, पण त्या दोहोंना जोडणारा कागद नव्हता.

प्रथम 'मदत' या शब्दाकडे पाहू. आपल्या वाडवडिलांना गावाकडून जे मिळे ते बलुते म्हणून, भाकरी म्हणून, उतरलेले कपडे म्हणून मिळे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. ही सवय अंगातून सहजी जात नाही. म्हणून तलाठ्यासमोर उभे राहताना आपला माणूस अजूनही नकळत हात जोडतो, आणि नकार मिळाला तर नशीब म्हणून परततो. वस्तुस्थिती अशी आहे की वादळानंतरचे साहाय्य हा २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा विषय आहे. जिल्हाधिकारी हे त्या कायद्याखालील जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत. साहाय्य वाटणे हा त्यांचा उपकार नसून ते त्यांचे काम आहे.

येथे मी वकील म्हणून आपणांस फसवू इच्छित नाही. त्या कायद्याच्या बाराव्या कलमात २००५ साली जो शब्द घातला गेला तो 'सानुग्रह साहाय्य' असा होता, आणि अनुग्रह म्हणजे कृपाच. सरकारी वकील याच शब्दावर बोट ठेवीत आले आहेत. परंतु करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांविषयीच्या खटल्यात ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, किमान साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरविणे हे राष्ट्रीय प्राधिकरणावर बंधनकारक आहे, आणि त्यांत सानुग्रह साहाय्यही येते. रक्कम किती असावी हे मात्र न्यायालयाने ठरविले नाही. ते प्राधिकरणावर सोपविले. म्हणजे शब्द कृपेचा राहिला, पण कर्तव्य कायद्याचे झाले. दुसरी बाजूही ऐका. त्याच कायद्यात कर्जफेडीत सवलत देण्याविषयीचे तेरावे कलम होते. २०२५ च्या दुरुस्तीने ते वगळले गेले. तेव्हा एकदा कायद्यात आले म्हणजे कायमचे आपले झाले, असे समजून कोणी झोपू नये.

या कायद्याचे एकसष्टावे कलम आपण पाठ करावे असे आहे. आपद्ग्रस्तांना भरपाई आणि साहाय्य देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. या कायद्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, त्सुनामी आली होती. तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना निवाऱ्यात, पाण्यात आणि धान्यवाटपात वेगळे वागविले गेल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या होत्या. लाट जात पाहून येत नाही, हे खरे. पण लाटेनंतरची रांग जात पाहून लागू शकते, हे तेथे दिसले.

आपणांपैकी ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे ते मला विचारतात, "साहेब, पंचनाम्यात जात काय लिहावी? बौद्ध लिहिले तर मदत जाईल काय?" मुळीच जाणार नाही. घर पडल्याचे साहाय्य मिळण्यास जातीचा दाखला लागत नाही. मात्र जेथे तो लागतो अशा योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची रमाई आवास घरकुल योजना ही त्यांपैकी एक, आणि जुने घर पार कोसळल्यावर साहाय्याच्या रकमेत नवे घर उभे राहत नसल्यामुळे हिची वाट पुष्कळांना धरावी लागते. तेथे पूर्वजांच्या जातीचा पुरावा मागतात. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्या याच पुराव्यावर. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, धर्म बदलला या उत्साहात आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी जन्मनोंद, जातीचे जुने प्रमाणपत्र यांतले काहीही फाडू वा जाळू नका. जात मनातून काढावयाची आहे, दप्तरातून नव्हे. निदान दप्तराची गरज संपेपर्यंत तरी नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ज्या घरात आपण राहता ते घर कागदावर कोणाचे आहे?

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर जितका बिकट आहे तितका देशावर नाही, आणि त्याला इतिहास आहे. हा सारा खोतीचा मुलूख. जमीन कसणारा एक, राहणारा दुसरा, आणि दप्तरात नाव खोताचे. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून जो संप केला तो येथून जवळच, अलिबाग तालुक्यात. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते १९३७ साली. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. आपल्या वतनी जमिनींचा कायदा आणखी नंतरचा, १९५८ चा. कायदे झाले, पण कायद्याने दिलेले नाव दप्तरात चढविण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो करावयास ज्यांच्या आजोबांना कोणी सांगितले नाही त्यांची घरे आजही परक्याच्या गटात, गावठाणाच्या कडेला, नाहीतर सरकारी जागेवर उभी आहेत. सत्तर वर्षांत घर मातीचे होते ते चिऱ्याचे झाले. कागद मात्र होता तेथेच राहिला.

वादळ आले की हे उघडे पडते. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत अट आहे की, पडलेले घर सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असले पाहिजे. एका वाक्याची ही अट. पण आपल्या वस्तीतील निम्मी घरे तिच्यावर अडखळतात. माझ्याकडे दोन भाऊ आले होते. एकाच छपराखाली दोन चुली, दोन शिधापत्रिका. घरपट्टी मृत वडिलांच्या नावावर. छप्पर गेले ते दोघांचे. यादीत आले ते वडील, आणि रक्कम कोणाच्या खात्यात भरावी या प्रश्नावर प्रकरण थांबले. दोघांनी एकमेकांस दोष दिला. दोष कोणाचाच नव्हता. वडील वारल्यावर पंधरा वर्षांत वारसनोंद झाली नव्हती, एवढेच.

म्हणून पावसाळ्यापूर्वी करावयाचे पहिले काम कौले चाळणे हे नव्हे. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते डोळ्यांनी वाचा. नमुना आठ हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही. ती घरपट्टीची आकारणी आहे. पण वादळानंतर पंचनामा करणारा माणूस प्रथम तोच कागद मागतो. नाव मृताचे असेल तर मृत्यूचा दाखला जोडून वारसनोंदीचा अर्ज द्या. भाऊ वेगळे राहत असतील तर आकारणी वेगळी करून मागा. नाव फक्त नवऱ्याचे असेल तर पत्नीचे नावही लावून घ्या. नवरा मुंबईत, घर पडले गावात, आणि बायकोला "मालकाला बोलवा" असे सांगितले गेले, हा प्रकार २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत काय त्रासाचा झाला ते आपल्या भगिनींनाच विचारा. घर सरकारी जागेवर असेल तर १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे धोरण आहे. त्याखाली अर्ज केला आहे काय ते पाहा. गायरानाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यासाठी मला स्वतंत्रपणे भेटावे. व्यासपीठावरून उत्तर देण्यासारखा तो नाही. गावठाणाची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे. मोजणीचे लोक आपल्या गावी आले असतील तर मिळकत पत्रिकेत आपली वस्ती गावठाणात धरली की बाहेर ठेवली, हे तपासा. बाहेर ठेवली असेल तर हरकत आत्ताच नोंदवावयाची असते. छप्पर उडाल्यावर नोंदवून उपयोग नाही.

आता समजा, वादळ येऊन गेले. सकाळ झाली. घरात गुडघाभर कौलांचा चुरा, अंगणात फणस आडवा. अशा वेळी आपल्या घरातील बाईचा हात पहिला कशाकडे जातो? खराट्याकडे. हे तिच्या स्वच्छतेच्या सवयीला शोभणारे आहे, आणि नेमके हेच साहाय्याच्या दृष्टीने घातक ठरते. घर झाडून लख्ख केले, पत्रे पुन्हा ठोकले, पडलेली पोफळ तोडून रचली, आणि पाच दिवसांनी पंचनाम्याला आलेला माणूस विचारतो, "येथे पडले काय?" अंशतः पडझडीत नुकसान किती टक्के, यावर रक्कम ठरते, आणि पंधरा टक्क्यांच्या खाली गेले तर हाती काही येत नाही. नीट लावलेल्या घरात टक्के दिसत नाहीत.

तेव्हा जीव सुरक्षित झाल्यावर आधी नुकसान धरून ठेवा, मग खराटा घ्या. घराची चारही बाजूंनी, आतून आणि वरून छायाचित्रे काढा. एका छायाचित्रात घरातील माणूस आणि घरक्रमांक दोन्ही दिसू द्या. फुटलेली कौले, पत्रे, वासे यांची संख्या वहीत लिहा आणि खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, शक्य तर एक आपल्या वस्तीबाहेरचा. निसर्गच्या वेळी वीज नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद पडले होते, फोन मेलेले होते. तेथे वहीनेच काम केले. दर वर्षी मे महिन्यात घराचे धडधाकट अवस्थेतील एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे आधी काय होते याबद्दल वाद राहत नाही. पावसाचे पाणी आत येत असेल तर ताडपत्री घालण्यास कोणाचीच आडकाठी नाही. लेकरांना भिजत ठेवून पंचनाम्याची वाट पाहा असे कायदा म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

पंचनाम्यास तलाठी येतात. त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. बागेसाठी सहायक कृषी अधिकारी असतात. ते जे लिहितील ते वाचून पाहिल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. वाचता येत नसेल तर शाळेतील मुलीला वाचावयास सांगा. "अंशतः" आणि "पूर्णतः" या दोन शब्दांत त्या वर्षी लाखाहून अधिक रुपयांचे अंतर होते. पटले नाही तर सही करताना "टक्केवारी मान्य नाही" असे स्वतःच्या हाताने लिहा, आणि त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. यादीत नाव आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात पंचनाम्याची प्रत आणि लाभार्थ्यांची यादी मागा. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. या तक्रारी तालुक्याच्या न्यायालयात नेता येत नाहीत. आपत्ती कायद्याखालील कारवाईबद्दल दाद फक्त उच्च वा सर्वोच्च न्यायालयात मागता येते. मुंबईस जाऊन रिट करण्याची ताकद आपल्यापैकी कितीजणांत आहे? म्हणून वहीतील त्या दोन सह्यांचे मोल मी इतके मानतो.

वाडीचा हिशेब थोडा वेगळा आहे. हेक्टरी ५०,००० ऐकावयास भरघोस वाटतात. पण हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे. गुंठ्याला ५०० रुपये पडले. आपल्यात ज्यांच्याकडे वाडी आहे त्यांची पाच-दहा गुंठ्यांची. दहा गुंठ्यांचे झाले ५,००० रुपये. पडलेली झाडे तोडण्याची मजुरीही त्यात सुटत नव्हती. दाटीने लावलेल्या कोकणी वाडीला क्षेत्राचे माप लावणे हेच मुळात चुकीचे होते. लोकांनी ते बोलून दाखविले आणि पुढे झाडावर दर आला, नारळाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. त्याच दहा गुंठ्यांत पंधरा नारळ आणि शंभर पोफळी पडल्या असतील तर रक्कम ८,७५० होते. पुरेशी नव्हेच, श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे झाड पुन्हा फळावर येण्यास किती वर्षे लागतात ते मी आपणांस सांगणे म्हणजे धाडसच. पण झाडे मोजून ठेवली होती त्यालाच हा फरक मिळाला. ज्याने आधीच तोडून सरपण केले त्याच्याकडे मोजावयास काय उरले? बुंधे उपटण्यापूर्वी मोजा.

आणि ज्यांची वाडीच नाही? जो दुसऱ्याच्या पोफळीवर चढतो, शिंपणे करतो, सुपारी सोलतो, त्याचे झाड पडत नाही पण पोट पडते. त्याचे नाव कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. हे मला या सर्व व्यवस्थेतील सर्वात मोठे व्यंग वाटते. आमच्या कायद्याला मालमत्तेचे नुकसान दिसते, मजुरीचे दिसत नाही. वाडीतले पडलेले बुंधे काढणे, रस्ते मोकळे करणे, नवी लागवड करणे ही कामे रोजगार हमीत घेण्याची मागणी ग्रामसभेत करणे, एवढाच मार्ग त्यांस उरतो, आणि ती मागणीही लेखीच असली पाहिजे.

एक कडवट गोष्टही येथेच सांगतो. शेजाऱ्याने दोन खोल्यांच्या चार लिहिल्या म्हणून आपणही लिहाव्यात, असा मोह होतो. खोटा दावा करून साहाय्य घेणाऱ्यास या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. मदतीचे पैसे वा सामान हडपणाऱ्यासही तितकाच आहे. परंतु अनुभव असा की, पहिले कलम गरिबावर चटकन लागते आणि दुसरे सावकाश. आपण पंचशील घेतलेली माणसे. असत्य बोलणार नाही असे भर सभेत म्हटलेली. ते असो, पण वकील म्हणूनही सांगतो, चार खोल्यांचा एक खोटा अर्ज वस्तीतील वीस खऱ्या अर्जांवर संशय आणतो.

आता साफसफाईविषयी, आणि येथे मला अधिक स्पष्ट बोलावयाचे आहे.

वादळानंतर गावात गुरे मरून पडतात. विहिरीत कुत्रे-मांजर सडते. शाळेच्या पटांगणात, देवळाच्या आवारात चिखल असतो. अशा वेळी गावातून निरोप कोणाकडे येतो? शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे येत असे त्यांच्याकडेच. निरोपाची भाषा बदलली आहे. आता "जरा चार पोरे पाठवा" असे गोड शब्दांत म्हणतात. मार्च १९२७ मध्ये याच जिल्ह्यात, महाडच्या परिषदेत, आपल्या लोकांनी मेलेली गुरे ओढणार नाही असा निर्धार केला. त्या निर्धाराला वादळात सूट नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली तिने, अनुसूचित जातीच्या व्यक्तीस मृत जनावर वाहून नेण्यास किंवा त्याची विल्हेवाट लावण्यास भाग पाडणे हा गुन्हा ठरविला आहे. वेठीचे काम करावयास लावणे हाही गुन्हाच आहे. नवदीक्षित बौद्ध अनुसूचित जातीत मोडतात, तेव्हा या कायद्याचे छत्र त्यांच्यावर आहे.

मग आपण हात बांधून बसावे काय? नाही. गाव आपलाही आहे. सर्व आळ्यांतील माणसे फावडे घेऊन उतरली असतील तर आपण त्यांच्या बरोबरीने, किंबहुना एक पाऊल पुढे उतरावे; ते श्रमदान. फक्त आपल्या वस्तीतून माणसे बोलाविली असतील तर ती वेठ. मेलेल्या जनावराची विल्हेवाट लावणे ग्रामपंचायतीचे काम आहे. तिने मजुरी ठरवावी, जेसीबी आणावा, हातमोजे द्यावेत. मग ज्याला त्या मजुरीवर काम करावयाचे असेल तो करील, मग तो कोणत्याही आळीचा असो. आणि जनावर आपलेच असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहून लिहून दिल्याशिवाय ते पुरू नका. नाहीतर त्याचे साहाय्य गेले.

आपल्या घरची सफाई करताना दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. पडलेल्या विजेच्या तारेला, ती मेलेली दिसली तरी, वीज मंडळाच्या माणसाने सांगेपर्यंत हात लावू नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्यांचा भुगा कोरडा झाडला तर तो छातीत जातो आणि त्याचा रोग वीस-तीस वर्षांनी निघतो. पत्र्यांवर आधी पाणी मारा, तोंडाला फडके बांधा, तुकडे गोणीत भरून गोणीचे तोंड शिवा. मुलांना तेथे खेळू देऊ नका, आणि ते तुकडे चुलीभोवती लावू नका. चिखलात अनवाणी उतरू नका. लेप्टोचा ताप पायाच्या जखमेतून शिरतो. ताप आला तर अंगारा न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

भिजलेले कागद उन्हात टाकू नका, आणि एकमेकांस चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. सावलीत, वाऱ्यावर, कोरड्या फडक्यावर एकेक पसरा. जे गेले त्यांच्या नकला मिळतात; सातबारा तलाठ्याकडे आणि आता संगणकावरही, शाळेचा दाखला शाळेत, जातीचे प्रमाणपत्र ज्या कचेरीने दिले तेथे.

पाण्याचा प्रश्न शेवटी घेतो. वादळानंतर विहिरींत पाचोळा, मीठ, मेलेले प्राणी पडतात आणि गावात एखादीच विहीर पिण्याजोगी राहते. ती बहुधा आपल्या वस्तीत नसते. चवदार तळ्याच्या जिल्ह्यात हे बोलावे लागते याचे दुःख आहे, पण बोलले पाहिजे. सार्वजनिक विहिरीवर, टँकरच्या रांगेत, शाळेतील निवाऱ्यात आपणांस मागे ढकलणे वा वेगळे बसविणे हा गुन्हा आहे. एकसष्टाव्या कलमाचा भंग तो निराळाच. असे झाल्यास भांडण न करता दिवस, वेळ, ठिकाण आणि हजर माणसांची नावे त्याच वहीत लिहा, आणि तहसीलदार व पोलीस ठाणे या दोघांकडे एकाच दिवशी अर्ज द्या. आपली विहीर शुद्ध करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल पावडर मागा. किती टाकावयाची ते पाण्याच्या मापावर असते. अंदाजाने मूठभर टाकू नये. आणि अशी मागणीसुद्धा, हसू नका, लेखी द्या.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. तेथे आपल्या वस्तीतून किमान दहा माणसे आणि त्यांत निम्म्या भगिनी असाव्यात. ज्यांची आकारणी मृताच्या नावावर आहे अशा घरांची यादी सभेपुढे ठेवून ती इतिवृत्तात घ्यावयास लावा. पूर किंवा वादळ आल्यास आपली वस्ती कोणत्या इमारतीत हलविली जाणार, त्या इमारतीची किल्ली कोणाकडे असते, हेही तेथेच विचारा. जुलै २०२१ मध्ये महाडला रात्रीतून पूर चढला तेव्हा लोकांना किल्ली शोधण्यास वेळ मिळाला नव्हता.

मी आता खाली उतरून त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो. वारसनोंदीच्या आणि आकारणी वेगळी करण्याच्या अर्जांचे कोरे नमुने माझ्याजवळ आहेत. ज्यांनी घरपट्टीची पावती आणली आहे त्यांनी आधी यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज आपली महाविद्यालयात जाणारी मुले-मुली भरून देतील. मी फक्त तपासीन. पावती आणली नसेल त्यांनी जवळच्या घरातून आत्ता जाऊन आणावी, दिवेलागणीपर्यंत मी येथेच आहे.

जयभीम.